भाताचा कडा करपा आणि आमचे एक चुकलेले टिपण

गेल्या खरिपात पनवेल तालुक्यातील एका उच्च माध्यमिक शाळेत विज्ञान मंडळाच्या उद्घाटनासाठी आम्ही गेलो होतो. कार्यक्रम आटोपून चहा झाल्यावर जीवशास्त्राच्या बाईंनी कपाटातून एक पिवळी पडलेली झेरॉक्स काढून दाखवली. 'वनस्पती शत्रूला कशा ओळखतात?' असे तिचे शीर्षक होते. २०११ साली नवी मुंबईत शिक्षकांसाठी भरलेल्या एका उन्हाळी वर्गात हे चार पानी टिपण वाटले गेले होते, आणि ते लिहिणारे आम्हीच होतो. "सर, पुस्तकात या विषयावर फारसे काही नाही. म्हणून दरवर्षी बारावीला मी हेच वाचून दाखवते," बाई कौतुकाने म्हणाल्या.

टिपण चाळत आम्ही तिसऱ्या पानावर आलो आणि आमची मान खाली गेली. त्या पानावरचा मुख्य दावा ज्या शोधनिबंधावर उभा होता, तो निबंध २०१३ साली त्याच्या लेखकांनीच मागे घेतला होता. ही गोष्ट आम्हाला त्याच वर्षी कळली होती. बाईंना मात्र कोणीही कळवले नव्हते. म्हणजे दहा-बारा वर्षे मुले एक खोटे ठरलेले विधान वाचत आली, आणि त्याची जबाबदारी आमची होती.

दुसऱ्याच्या पुस्तकाचे परीक्षण करताना आमची लेखणी बरी चालते. यावेळी ती स्वतःच्या टिपणावर चालवून पाहावी, असे ठरवले. टिपण तपासता तपासता असे लक्षात आले की त्यातले काही दोष आमच्यापुरते मर्यादित नाहीत. ते पाठ्यपुस्तकांत आहेत, वर्तमानपत्रांत आहेत आणि कृषी सेवा केंद्राच्या फळीवरच्या बाटल्यांवरही आहेत.

रोग आपल्या दारातला

टिपणातले उदाहरण भाताच्या कडा करप्याचे होते. निवड चांगली होती, एवढे श्रेय आम्ही स्वतःला देतो. कोकणात 'करपा' म्हटले की शेतकऱ्याच्या डोळ्यांपुढे पानावरचे डोळ्याच्या आकाराचे ठिपके येतात. तो करपा बुरशीमुळे होतो. कडा करपा निराळा. त्यात पानाच्या टोकापासून कडेने नागमोडी पिवळा पट्टा खाली उतरतो, पुढे तो गवताळ पांढरा होतो आणि पान वाळते. याला कारण झँथोमोनास ओरायझी नावाचा जीवाणू. तो पानाच्या कडेवरील जलरंध्रांतून किंवा जखमांतून आत शिरतो आणि पाणी वाहून नेणाऱ्या नलिकांत वाढतो. एकदा तो नलिकांत पोचला की वरून केलेली फवारणी त्याच्यापर्यंत नीट जात नाही. म्हणून या रोगावर प्रतिकारक्षम वाण हाच मुख्य आधार.

जपानमध्ये फुकुओका भागातील शेतकऱ्यांना हा रोग १८८४-८५ च्या सुमारास दिसला. भारतात तो प्रथम १९५१ साली तेव्हाच्या कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात आढळला. १९५९ साली श्रीनिवासन, तिरुमलाचार आणि पटेल यांनी 'करंट सायन्स' या नियतकालिकात त्याची नोंद प्रसिद्ध केली. १९६३ साली बिहारच्या शाहाबाद जिल्ह्यात त्याची मोठी साथ आली. साठच्या दशकात आलेले तायचुंग नेटिव्ह-१ सारखे बुटके, खताला भरपूर प्रतिसाद देणारे वाण या रोगाला सहज बळी पडत. ज्या जिल्ह्यात हा रोग देशात पहिल्यांदा नोंदला गेला, त्याच जिल्ह्यातील पनवेल-उरणच्या भातखाचरांवर आज नवी मुंबईचा दक्षिण भाग उभा आहे. उरलेल्या खाचरांत पावसाळ्याच्या शेवटी तो आजही पाहायला मिळू शकतो. वर्गापासून इतक्या जवळचे उदाहरण दुसरे सापडणे कठीण.

टिपणात काय लिहिले होते

टिपणाची पहिली दोन पाने आजही टिकतात. सत्तरच्या दशकात कटकच्या केंद्रीय भात संशोधन संस्थेत पश्चिम आफ्रिकेतल्या माली देशातून आलेल्या एका रानभाताच्या झाडाकडे लक्ष गेले. ओरायझा लाँजिस्टॅमिनाटा ही त्याची जात. तपासलेल्या कोणत्याही जीवाणू-वाणाला ते झाड दाद देत नव्हते. पुढे फिलिपाइन्समधील आंतरराष्ट्रीय भात संशोधन संस्थेत गुरुदेव खुश आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी संकर करून हा गुण लागवडीच्या भातात उतरवला. त्याला कारणीभूत असलेल्या जनुकाला एक्सए-२१ हे नाव मिळाले. १९९५ साली कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या डेव्हिस येथील प्रयोगशाळेत पॅमेला रोनाल्ड यांच्या गटाने हे जनुक वेगळे केले.

त्यावरून तयार होणारे प्रथिन १,०२५ अमिनो आम्लांचे आहे. त्याचा एक भाग पेशीच्या बाहेर डोकावतो, मधला भाग पेशीपटलात रुतलेला असतो आणि तिसरा भाग पेशीच्या आत असतो. बाहेरचा भाग चाहूल घेतो. आतला भाग कायनेज आहे, म्हणजे प्रथिनांना फॉस्फेट जोडणारे विकर. प्राण्यांच्या जन्मजात प्रतिकारातील टोल ग्राहींचे काम १९९६ व १९९८ साली उलगडले आणि त्याबद्दल २०११ चे नोबेल पारितोषिक दिले गेले. भाताने ही युक्ती त्याच्या आधीच, १९९५ साली, आपल्यासमोर ठेवली होती.

आता तिसरे पान. २००९ साली 'सायन्स' या नियतकालिकात याच गटाचा निबंध आला. एक्सए-२१ ज्याची चाहूल घेते ते जीवाणूचे प्रथिन सापडले आहे, असे त्यात म्हटले होते. त्या प्रथिनाला एएक्स-२१ म्हटले गेले. आमच्या टिपणात हे वाक्य असे उतरले: 'एएक्स-२१ ही किल्ली आणि एक्सए-२१ हे कुलूप, हे आता सिद्ध झाले आहे.'

पुढे काय घडले ते थोडक्यात सांगितले पाहिजे. त्या प्रयोगशाळेत नव्याने आलेल्या संशोधकांना जुने निकाल पुन्हा मिळेनात. शोध घेता दोन गोष्टी उघड झाल्या. साठवणीतल्या काही जीवाणू-वाणांची अदलाबदल झाली होती आणि ज्या चाचणीवर निष्कर्ष बेतला होता ती चाचणीच भरवशाची नव्हती. २०१३ साली या गटाने आपले दोन निबंध मागे घेतले आणि रोनाल्ड यांनी ही सारी हकीकत जाहीरपणे लिहिली. २०१५ साली त्याच गटाने, यावेळी अनेक बाजूंनी पडताळून, खरे प्रथिन जाहीर केले. त्याचे नाव रॅक्सएक्स.

पहिला दोष: प्रयोगाशिवाय निकाल

प्रसिद्ध झालेल्या निबंधावर विश्वास ठेवला, यात आमचा फार दोष नाही. प्रत्येक प्रयोग स्वतः करून पाहणे कोणालाच शक्य नसते. दोष 'सिद्ध झाले आहे' या तीन शब्दांत आहे. कशावरून सिद्ध झाले, कोणती चाचणी केली, तुलनेसाठी काय ठेवले होते, यातले काहीही आम्ही सांगितले नव्हते. ते दोन ओळींत जरी सांगितले असते, तरी एखाद्या विद्यार्थ्याने विचारले असते, "सर, ही चाचणी दुसऱ्या कोणी करून पाहिली का?" आम्ही प्रश्नाला जागाच ठेवली नव्हती.

दुसरा भाग याहून वाईट. २०१३ साली बातमी वाचल्यावर आम्ही स्वतःच्या व्याख्यानातली पारदर्शिका बदलली आणि गप्प बसलो. उन्हाळी वर्गाला आलेल्या शिक्षकांची यादी आयोजकांकडे होती. ती मागून एक पोस्टकार्ड टाकणे अवघड नव्हते. ज्यांनी निबंध लिहिला त्यांनी चूक जगजाहीर केली. ज्यांनी तो फक्त उद्धृत केला त्यांना, म्हणजे आम्हाला, तेवढेही जमले नाही.

दुसरा दोष: कुलूप-किल्लीचे रूपक

आता विज्ञानाकडे वळू. रॅक्सएक्स हे छोटे प्रथिन आहे. त्यातला २१ अमिनो आम्लांचा तुकडा एक्सए-२१ ला जागे करायला पुरतो. मात्र एक अट आहे. त्या तुकड्यातील टायरोसीन या अमिनो आम्लावर सल्फेट जोडलेले असले पाहिजे. सल्फेट नसेल तर तोच तुकडा, त्याच क्रमाचा, एक्सए-२१ च्या समोरून निघून जातो आणि भाताला काही कळत नाही. हे सल्फेट जोडणारे विकर जीवाणूकडे असते. ते विकर गमावलेले जीवाणू एक्सए-२१ असलेल्या भातालाही रोग लावतात. मागे घेतलेल्या निबंधातही सल्फेटचा उल्लेख होता. धागा खरा होता, पण तो चुकीच्या प्रथिनाला बांधला गेला होता.

वर्गात हे आकड्यांनी पटवता येते. अणुवस्तुमानांच्या तक्त्यावरून गंधकाचे ३२ आणि ऑक्सिजनच्या तीन अणूंचे ४८ मिळवा. टायरोसीनवर सल्फेट बसले की वस्तुमानात ८० ची भर पडते. एका अमिनो आम्लाचे सरासरी ११० धरले, तर २१ अमिनो आम्लांचा तुकडा २,३०० च्या आसपास जातो. म्हणजे सुमारे साडेतीन टक्क्यांचा फरक, आणि त्यावर भाताचे शेत वाचणे किंवा जाणे अवलंबून! गंमत म्हणजे फॉस्फेट जोडले गेले तरी भर जवळजवळ तेवढीच, ८० चीच पडते. फॉस्फरसचे ३१, हायड्रोजनचा १ आणि ऑक्सिजनचे ४८ मिळवून मुलांना ती पडताळून पाहता येईल.

मग जीवाणू हे धोक्याचे सल्फेट बाळगतो तरी कशाला? याचा धागा २०१७ साली हाती आला. वनस्पतींच्या स्वतःच्या वाढीशी संबंधित असा एक लहान पेप्टाइड संप्रेरक आहे, पीएसवाय नावाचा. त्याच्याही टायरोसीनवर सल्फेट असते. रॅक्सएक्स त्याच्याशी मिळतेजुळते आहे, आणि ते दिले तर वनस्पतींची मुळे लांब वाढतात. म्हणजे जीवाणू वनस्पतीच्या घरातल्या माणसाचा आवाज काढून हाक मारतो. एक्सए-२१ चे वैशिष्ट्य असे की ते खऱ्या संप्रेरकाला प्रतिसाद देत नाही आणि नकलेला मात्र देते.

कुलूप-किल्लीच्या चित्रात यातले काहीच बसत नाही. किल्ली कारखान्यातून निघाली की तिचा आकार ठरलेला असतो. प्रथिन मात्र तयार झाल्यानंतरही बदलत राहते. त्याच्यावर काही जोडले जाते, काढले जाते, कापले जाते. वनस्पतीच्या प्रतिकाराचे नियमन मोठ्या प्रमाणात या फेरबदलांतून होते, कारण ते झटपट होतात. नवे जनुक वाचून नवे प्रथिन बनवायला वेळ लागतो. असलेल्या प्रथिनावर फॉस्फेट चढवायला सेकंद-मिनिटे पुरतात. जीवाणू दारात उभा असताना हा फरक महत्त्वाचा ठरतो.

तिसरा दोष: फॉस्फेट म्हणजे दिव्याचे बटन

टिपणाच्या चौथ्या पानावर आम्ही लिहिले होते: 'फॉस्फेट जोडले की प्रथिन चालू, काढले की बंद.' हे विधान अनेक लोकप्रिय लेखांतही आढळते. फॉस्फेट जोडण्या-काढण्याने प्रथिनांचे काम नियंत्रित होते, हे दाखवणाऱ्या फिशर आणि क्रेब्स यांना १९९२ साली नोबेल पारितोषिक मिळाले. बटनाची उपमा तेव्हापासून सर्वांच्या तोंडी आहे. एक्सए-२१ च्या बाबतीत मात्र ती फसते.

एक्सए-२१ स्वतःवरच फॉस्फेट चढवू शकते. २००६ साली असे दिसले की त्यातील तीन ठरावीक जागांवर फॉस्फेट असले तर हे प्रथिन लवकर तुटत नाही. म्हणजे इथे फॉस्फेटचे काम टिकवण्याचे. २०१० साली एक्सबी-२४ नावाचे सोबती प्रथिन पुढे आले. ते एक्सए-२१ ला काही जागांवर फॉस्फेट चढवायला मदत करते आणि त्यामुळे एक्सए-२१ शांत राहते. जीवाणूची चाहूल लागली की एक्सबी-२४ बाजूला होते. म्हणजे इथे फॉस्फेटचे काम गप्प बसवण्याचे. २००८ साली सापडलेले एक्सबी-१५ हे फॉस्फेट काढून टाकणारे विकर. ते जास्त झाले तर एक्सए-२१ चा प्रतिकार दुबळा होतो. तेव्हा काही फॉस्फेट प्रतिकार चालू ठेवण्यासाठीही लागतात.

एकच फॉस्फेट, पण जागा बदलली की अर्थ बदलतो. आपल्या लिपीत याचे चांगले उदाहरण आहे. 'कर' या शब्दाला एक काना द्यायचा आहे. पहिल्या अक्षराला दिला तर 'कार' होते, दुसऱ्याला दिला तर 'करा' होते. काना तोच, अक्षरेही तीच. केवळ काना किती दिले हे मोजून शब्द कळत नाही, ते कुठे दिले हे पाहावे लागते. जनुक प्रथिनाची अक्षरे ठरवते. काना-मात्रा पेशी नंतर देते. या उपमेचीही मर्यादा सांगून ठेवतो: कागदावरचा काना पुसला जात नाही, फॉस्फेट मात्र दर घटकेला पुसले आणि पुन्हा दिले जाऊ शकते.

युबिक्विटिनची गोष्ट अशीच. ७६ अमिनो आम्लांचे हे चिमुकले प्रथिन दुसऱ्या प्रथिनांना चिकटवले जाते. बहुधा 'याची विल्हेवाट लावा' असा त्याचा अर्थ असतो. या शोधासाठी २००४ चे नोबेल होते. भातातील एक्सबी-३ हे युबिक्विटिन चिकटवणारे विकर एक्सए-२१ ला धरून असते. तेव्हा ते कमी केल्यास एक्सए-२१ वाढेल, असे कोणालाही वाटेल. प्रयोगात उलटे झाले. एक्सबी-३ कमी केल्यावर एक्सए-२१ घटले आणि प्रतिकारही घटला. टोमॅटोवरील एका जीवाणूने तर युबिक्विटिन चिकटवणारे स्वतःचे प्रथिन वनस्पतीच्या पेशीत सोडून तिथल्या पहारेकऱ्याचीच विल्हेवाट लावण्याची युक्ती साधली आहे. प्रथिनांतील फेरबदल ही दोन्ही पक्षांची भाषा आहे.

पाठ्यपुस्तकातील तक्ता

आता इतरांकडे. बारावीच्या राष्ट्रीय अभ्यासक्रमाच्या जीवशास्त्रात अन्नोत्पादनवाढीवर एक प्रकरण असे. त्यात रोगप्रतिकारक्षम वाणांचा तक्ता होता: गव्हाचा हिमगिरी, चवळीचा पुसा कोमल, मिरचीचा पुसा सदाबहार वगैरे. अभ्यासक्रम हलका करताना हे प्रकरण २०२२-२३ पासून वगळले गेले. प्रकरण गेले याचे आम्हाला वाईट वाटते, पण त्या तक्त्याचे फारसे नाही. त्यात पीक, वाण आणि रोग असे रकाने होते. 'कसे' हा रकाना नव्हता आणि 'कधीपर्यंत' हाही नव्हता. परीक्षेत जोड्या लावण्यापलीकडे त्याचा उपयोग होत नसे.

हे दोन रकाने जोडले की तक्ता जिवंत होतो. हैदराबादच्या भात संशोधन संचालनालयाने आणि पेशीय व रेण्वीय जीवशास्त्र केंद्राने मिळून काढलेल्या, २००८ साली प्रसारित झालेल्या सुधारित सांबा मसुरीचे उदाहरण घ्या. त्यात संकर आणि जनुकखुणांच्या साहाय्याने केलेली निवड यांतून तीन जनुके एकत्र आणली आहेत: एक्सए-२१, एक्सए-१३ आणि एक्सए-५. 'कसे' या रकान्यात तिन्हींची उत्तरे निरनिराळी येतात. एक्सए-२१ पहारा देते. एक्सए-१३ काहीच करत नाही, आणि तेच त्याचे काम! मूळ जनुक साखर पेशीबाहेर सोडणारे प्रथिन बनवते. जीवाणू ते जनुक चेतवून स्वतःची सोय करून घेतो. बदललेल्या रूपात जीवाणूला ते चेतवताच येत नाही. एक्सए-५ मुळे जीवाणूला वनस्पतीची जनुके चेतवण्यासाठी लागणारा आधार नीट मिळत नाही. 'प्रतिकाराचे जनुक म्हणजे ढाल' हे वाक्य तीनपैकी एकालाही धड लागू पडत नाही.

'कधीपर्यंत' या रकान्यासाठी तीन जनुके का, हा प्रश्न विचारावा. रॅक्सएक्स बदलून एक्सए-२१ ला चुकवणारे जीवाणू निसर्गात आहेत. एका पहाऱ्यातून निसटलेला दुसऱ्या अडथळ्यावर अडकावा, एवढाच यामागचा हिशेब आहे.

पाठ्यपुस्तकांची दुसरी उणीव अधिक खोल आहे. डीएनएपासून आरएनए आणि आरएनएपासून प्रथिन हा प्रवास आपण छान शिकवतो. पण भाषांतरण पूर्ण झाले की प्रथिनाची गोष्ट आपण तिथेच सोडतो. त्यामुळे मुलाच्या मनात असे बसते की जनुक आहे म्हणजे गुण आहे. एक्सए-२१ असलेल्या भाताच्या कोवळ्या रोपांना मात्र हा रोग होतो. पूर्ण प्रतिकार झाड मोठे झाल्यावर येतो. जनुक दोन्ही वयांत तेच असते.

बाटलीतली प्रतिकारशक्ती

हा सगळा केवळ पुस्तकी वाद असता तर आम्ही इतकी पाने खर्च केली नसती. २०२० च्या साथीपासून 'इम्युनिटी' हा शब्द घरोघरी पोचला, तसा तो शेतातही पोचला. पिकाची 'प्रतिकारशक्ती वाढवणारी' द्रावणे आज तालुक्याच्या गावी सहज मिळतात. आपल्या विद्यार्थ्यांपैकी अनेकांचे वडील ती विकत घेतात. 'जितकी प्रतिकारशक्ती जास्त तितके चांगले' हे गृहीत त्या बाटलीवर छापलेले नसले तरी घेणाऱ्याच्या मनात असते. ते तिथे जायला आमच्यासारख्यांची बटन, ढाल, कुलूप ही रूपकेही कारणीभूत आहेत.

वास्तव वेगळे आहे. ज्या भातात एक्सबी-१५ हे विकर निकामी केले, त्याच्या पानांवर जीवाणू नसतानाही पेशी मरून डाग पडू लागले. प्रतिकार सतत चालू राहणारी अरॅबिडॉप्सिसची काही उत्परिवर्तिते खुजी राहतात. प्रतिकार फुकट मिळत नाही, वाढीच्या खर्चातून तो भागवावा लागतो. म्हणूनच पेशीत चेतवणाऱ्या प्रथिनांइतकीच आवर घालणारी प्रथिने आहेत. मुख्य गुण आहे तो वेळेवर जागे होण्याचा आणि वेळेवर शांत होण्याचा.

याचा अर्थ सर्व द्रावणे फसवी, असा आम्ही काढत नाही. भाताच्या बुरशीजन्य करप्यावर जपानमध्ये सत्तरच्या दशकापासून प्रोबेनॅझोल वापरले जाते. ते मुख्यतः वनस्पतीचा स्वतःचा प्रतिकार चेतवून काम करते. पण त्याच्यामागे ठरावीक घटक, ठरावीक पीक, ठरावीक रोग आणि शेतातल्या चाचण्या आहेत. बाटली हाती घेणाऱ्या मुलाने हेच चार प्रश्न विचारावेत: घटक कोणता? पीक कोणते? रोग कोणता? चाचणी कोणी आणि कुठे केली? लेबलावर चारांपैकी एकाचेही उत्तर नसेल, तर ती बाटली फळीवरच राहू द्यावी.

वर्गात काय करता येईल

नवे टिपण आम्ही लिहिले आहे. त्यात एक सोपा प्रयोग घातला आहे. कडा करपा झाल्याचा संशय असलेले ताजे पान घ्यावे. रोगट व हिरव्या भागाच्या सीमेवर ते आडवे कापून तुकडा स्वच्छ पाण्याच्या काचेच्या पेल्यात उभा धरावा आणि पेल्यामागे काळा कागद ठेवावा. जीवाणू असतील तर काही मिनिटांत कापलेल्या कडेतून दुधट धार उतरताना दिसते. बुरशीजन्य करप्याच्या पानातून ती उतरत नाही. दोन्ही पाने शेजारी ठेवल्याशिवाय निष्कर्ष काढू नये, आणि ते पाणी शेतात न ओतता उकळून टाकावे. शक्य असेल त्यांनी मुलांना कर्जतच्या प्रादेशिक कृषी संशोधन केंद्रात न्यावे. भाताचे वाण कसे निवडले जातात ते तिथे प्रत्यक्ष पाहता येईल.

टिपणात 'सिद्ध झाले आहे' हे शब्द कुठेही ठेवलेले नाहीत. त्या जागी कोणत्या वर्षी, कोणत्या प्रयोगातून काय दिसले एवढेच लिहिले आहे. तळाशी टिपण तपासल्याची तारीख आणि एक रिकामी चौकट आहे, पुढे तपासणाऱ्या शिक्षकासाठी.

बाईंना ते पाठवताना जुनी झेरॉक्स फेकू नये, अशी विनंती केली आहे. तिसरे पान तसेच राहू द्यावे. जुने आणि नवे टिपण शेजारी ठेवून मुलांना विचारावे, फरक कुठे आहे आणि तो कसा कळला? आमची चूक मुलांच्या एवढी जरी उपयोगी पडली तरी पुष्कळ झाले.